शेवटच्या पानाची शेवटची ओळ

पेपर उलटा वाचायच्या गुंजाळबाई.
आधी शेवटचं पान, त्यातही तळची ओळ,
मुंगीएवढ्या टायपातली:
मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, यांनी
अमक्या पेठेत छापून तमक्या पेठेत प्रसिद्ध केले.
"पहिल्या पानावरच्या मथळ्याची किंमत
इथला माणूस मोजतो," म्हणायच्या,
मग चष्मा वर सरकवून हजेरी.

आम्ही चाळीस जण. निम्मे
फर्ग्युसन रस्त्यावरच्या चहावरून थेट वर्गात,
कॅमेऱ्यासमोर उभं राहायची घाई झालेले.
बाईंनी पहिला महिना घालवला एका शब्दावर.
कथित.
कथित चोर, कथित लाच, कथित प्रियकर.
"हा शब्द म्हणजे छत्री नव्हे,"
खडू मोडेस्तोवर फळ्यावर लिहीत म्हणाल्या,
"वाक्य आधीच भिजलंय, तर आता उघडून काय उपयोग?"

नारायण पेठेत त्यांचे वडील खिळे जुळवायचे.
मालक एकदा म्हणाला, तळाला तुझं नाव घालू,
मुद्रक म्हणून. पगारात पंधरा रुपये जास्त.
जन्मभर दुसऱ्यांची नावं उलटी जुळवलेला माणूस,
त्या दिवशी घरी पेढे घेऊन आला.
पुढे कुठल्याशा कारखान्याच्या चेअरमनबद्दल काही छापून आलं
आणि शिवाजीनगर कोर्टात अकरा वर्षं
तारीख, पुढची तारीख.
मालक वकील पाठवी. संपादक आजारी पडे.
वडील सायकलवरून जात, डबा अडकवून.
ती बातमी त्यांनी वाचली होती खरी,
पण उलटी, एकेक अक्षर करून.
(हे सगळं ऐकीव. ऐकीव पुरावा चालत नाही,
बाईंनीच शिकवलंय. तरी लिहिते.)

प्रबंधासाठी स्वारगेटहून एसटी धरायच्या,
भोर, सासवड, इंदापूर.
कारकुनाच्या विनवण्या करून
लाल फडक्यातली बासनं सोडवायच्या,
शिंकत शिंकत नोंदी उतरवायच्या.
तालुक्याच्या साप्ताहिकांवरचे तीनशे बारा खटले.
शिक्षा झाली, नऊ.
साप्ताहिकं बंद पडली, एकशे ऐंशी.
तक्त्याखाली बारीक टीप:
निकाल लागण्याआधीच शिक्षा भोगून झाली होती.
मार्गदर्शकांनी ती खोडली. प्रबंधात भावना नकोत.
बाईंनी दुसऱ्या पेनने पुन्हा लिहिली.

विभागप्रमुख त्या कधी झाल्या नाहीत.
तीनदा फाइल वर गेली, तीनदा खाली आली.
शेवटी माहिती अधिकारात
स्वतःच्याच फाइलवरचे शेरे मागवले.
दोनच शब्द निघाले: मते आग्रही.
ते आम्हाला वर्गात वाचून दाखवले
आणि विचारलं,
ही बदनामी की टीका? सकारण लिहा. पंधरा गुण.

मला नोटीस आली वाळूच्या बातमीवरून,
तेव्हा बाई निवृत्त होऊन वारज्याला,
गुडघे गेलेले.
"कागद आहेत?"
आहेत.
"मूळ?"
झेरॉक्स.
पलीकडे बराच वेळ फक्त कुकर.
"आज रात्री मूळ शोध," म्हणाल्या. "रडायचं ते उद्या."

तारखेला रिक्षा करून आल्या, न सांगता.
मागच्या बाकावर, मांडीवर स्टीलचा डबा.
पुकारा झाला, सहा मिनिटांत पुढची तारीख पडली.
मला वाटलं, आता काही सांगतील,
एखादं कलम, एखादा जुना निवाडा.
बाहेर टायपिस्टांच्या टेबलांपाशी
सावली बघून बसल्या, डबा उघडला.
मेथीची भाजी, चार पोळ्या, दोघींपुरत्या.
"खा. अकरा वर्षं धरून चाल," म्हणाल्या,
"कमी लागली तर नफा."